राक्षसाचे सोंग कसे घ्यावे

आपल्या ट्रस्टच्या कार्याचा आढावा, देणगीदारांची नामावली आणि ज्येष्ठांच्या आठवणी या महोत्सवी स्मरणिकेत अन्यत्र आल्याच आहेत. आम्हांस मात्र 'मुलांसाठी काहीतरी लिहा' अशी सूचना झाली. मुलांसाठी लिहिणारे पुष्कळ आहेत. मुलांबरोबर बसून खेळणाऱ्या मोठ्या माणसांसाठी लिहिणारे थोडे. म्हणून आम्ही विषय निवडला तो थोडा विलक्षण आहे. घरच्या खेळात राक्षसाचे सोंग घेण्याची पाळी आपल्यावर आली, तर ते कसे घ्यावे?

प्रथम खेळ कोणता ते सांगितले पाहिजे. उन्हाळ्याच्या सुट्टीत इंदूर, उज्जैन, पुणे, क्वचित परदेशातूनही आपल्या कुटुंबांतली मुले हाटपिपल्याला आजोळी येतात. दुपारी बाहेर ऊन मी म्हणत असते. अशा वेळी चार-पाच मुलांनी चटईवर गोल करून बसावे आणि प्रत्येकाने एकेक पात्र व्हावे. कोणी धनुर्धर, कोणी वैद्य, कोणी चोरवाटा जाणणारा वाटाड्या. एका मोठ्याने गोष्ट सांगावी. 'तुम्ही नदीकाठी आलात. नाव आहे, नावाडी नाही. आता काय कराल?' मुले काय करणार ते सांगतात; जे सहज जमण्यासारखे नाही त्यासाठी फासा टाकतात; आणि जे घडेल त्यावरून गोष्ट पुढे जाते. पट नाही, सोंगट्या नाहीत. गोष्ट हाच पट. गोष्ट सांगणाराच वाटेत भेटणारा नावाडी, म्हातारी, राजा होतो आणि शेवटी राक्षसही तोच होतो.

या खेळाचे छापील नियम प्रथम 1974 साली अमेरिकेत निघाले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचलेल्या त्या खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. लढायांच्या पटखेळांतून तो निघाला आणि जगभर पसरला. त्यात वीस पैलूंचा फासा वापरतात. तो जवळ नसला तर एकपासून वीसपर्यंत आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या पेल्यात घालून एक उचलली तरी काम भागते. आम्ही पहिली दोन वर्षे पेल्यावरच काढली.

खेळ परदेशी खरा, परंतु त्याची रीत आपल्यास परकी नाही. 1843 साली सांगलीस चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हा पात्रांच्या हाती लिहिलेले संवाद नव्हते. सूत्रधार पद्ये म्हणून कथानक पुढे नेई आणि पात्रे त्यास अनुसरून आयत्या वेळी सुचेल ते भाषण करीत. सिंधुदुर्गातल्या दशावतारात आजही हीच चाल आहे. आख्यान ठरलेले, पण संवाद पाठ केलेले नाहीत. समोरचा नट काय बोलेल ते ऐकून उत्तर द्यायचे. गोष्ट एकाच्या हाती, पण तिचे शब्द सर्वांचे, हीच या खेळाची रीत. म्हणून गोष्ट सांगणाऱ्यास आम्ही सूत्रधारच म्हणतो.

आता आमची फजिती सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही जो राक्षस उभा केला तो शंभर हात उंच होता, त्याला सात तोंडे होती, आणि तो आल्याबरोबर गर्जला. आम्हीही गर्जलो, इतके, की शेजारच्या आजी काय झाले म्हणून विचारण्यास आल्या. मुलांनी फासे टाकले, राक्षस मेला, मुलांनी सेव-पोहे मागितले. दुसऱ्या दिवशी आम्ही विचारले, 'काल कोण मेला रे?' एकालाही नाव आठवेना. सात तोंडे होती हेसुद्धा कोणी सांगेना. आमचा घसा मात्र तीन दिवस बसला होता.

त्याच आठवड्यात नृसिंह जयंती आली. वैशाख शुद्ध चतुर्दशी नेहमी अशी सुट्टीच्या सुमारासच येते. आमच्या गावात नृसिंहाचे मंदिर असल्याने हिरण्यकशिपूची कथा मुलांना तोंडपाठ. ती कथा सांगताना त्यांचे डोळे पाहून आम्हांस वाटले, हा राक्षस शतकानुशतके लक्षात राहिला आणि आमचा एका रात्रीत विसरला गेला, याचे कारण शोधले पाहिजे. शोधता शोधता चार गोष्टी हाती लागल्या.

पहिली गोष्ट अशी की राक्षसाला काहीतरी हवे असले पाहिजे. हिरण्यकशिपू उगाच दुष्ट नव्हे. त्याचा भाऊ हिरण्याक्ष वराह अवताराच्या हातून मारला गेला होता. त्या दुःखातून वैर, वैरातून तप, तपातून वर, आणि वरातून उन्माद, अशी पायरीपायरीने ती गोष्ट चढते. आमच्या सात तोंडांच्या राक्षसाला काय हवे होते, हे आम्हांलाच ठाऊक नव्हते. ट्रेसी हिकमन नावाच्या अमेरिकन गृहस्थांना हाच अनुभव आला. खेळता खेळता एका भुयारात त्यांना अकारण एक रक्तपिपासू पिशाच भेटले, आणि हे येथे काय करीत आहे, असा प्रश्न त्यांना पडला. त्या प्रश्नातून त्यांनी व त्यांच्या पत्नी लॉरा यांनी रचलेला 'रेव्हनलॉफ्ट' हा खेळ 1983 साली प्रसिद्ध झाला. त्यातला स्ट्राड नावाचा खलनायक खेळणाऱ्यांच्या आजही स्मरणात आहे. आपणही राक्षस योजताना वहीत एक वाक्य लिहावे: 'याला अमुक हवे आहे, आणि ते मिळवण्यासाठी हा अमुक करील.' हे वाक्य लिहिता येत नसेल तर तो राक्षस अजून तयार झालेला नाही.

दुसरी गोष्ट: राक्षस दिसण्यापूर्वी त्याची चाहूल लागावी. हिरण्यकशिपू समोर येण्याआधी आपल्याला त्याचे राज्य दिसते. शंड आणि अमर्क हे गुरू पाठशाळेत राजाला रुचेल तेवढेच शिकवतात, आणि एक लहान मुलगा ते मानत नाही. खेळातही असेच करावे. मुले गावात शिरली तर दिव्यांत तेल असूनही दिवे लावलेले नसावेत. लोकांनी एक नाव उच्चारताना आवाज खाली आणावा. एखाद्या म्हातारीने पाणी द्यावे पण दार पुरते उघडू नये. अशा तीन खुणा तीन संध्याकाळी पेरल्या की चौथ्या संध्याकाळी राक्षसाला ओरडावे लागत नाही. मुले आधीच सावरून बसलेली असतात.

तिसरी गोष्ट आवाजाची. भाव्यांच्या काळातले राक्षस तलवार फिरवीत 'अलल डुर्र' करीत येत, आणि त्यावरूनच त्या नाटकांना पुढे थट्टेने तेच नाव पडले. तो काळ वेगळा होता. उलट 1962 साली आलेले आचार्य अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' आठवा. त्यातला निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे प्रभाकर पणशीकरांनी उभा केला. त्याच्या हाती शस्त्र नाही. तो नम्र आहे, गोड बोलतो, हजरजबाबी आहे; आणि एकामागून एक घरे बुडवतो. ज्यांनी ते नाटक पाहिले त्यांना तो विसरता आलेला नाही. घरच्या सूत्रधारासाठी यातून धडा असा की राक्षसाने नेहमीपेक्षा हळू आणि सावकाश बोलावे. मुलांना त्याने नावाने हाक मारावी आणि 'अहो-जाहो' करावे. दहा वर्षांच्या मुलाला कोणी 'या, बसा, तुमचीच वाट पाहत होतो' असे म्हटले, तर गर्जनेने होणार नाही ते काम होते. हाताची एखादी लकब ठरवावी, जसे बोलताना सुपारी कातरल्यासारखी बोटे हलवणे. ती बोटे हलू लागली की राक्षस आला हे मुलांना न सांगता कळते.

राक्षसाचे भाषण मात्र पाठ करून ठेवू नये. आम्ही एकदा पानभर भाषण लिहून नेले. दुसऱ्या ओळीला एका मुलाने प्रश्न विचारला आणि पुढचे सारे भाषण वाया गेले. दशावतारी नटाप्रमाणे तीन गोष्टी मनात पक्क्या असाव्यात: याला काय हवे, हा कशाला भितो, आणि सौद्यात हा काय देऊ करील. मग मुलांनी काहीही विचारले तरी उत्तर सुचते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच आम्ही सर्वांत उशिरा शिकलो. राक्षसाच्या वरात एक फट असावी, ती मुलांना शोधता यावी, आणि त्यांनी शोधल्यावर सूत्रधाराने ती बुजवू नये. घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही, भूमीवर नाही, आकाशात नाही, शस्त्राने नाही. या साऱ्या अटी कथेत उघड सांगितल्या आहेत. ऐकणाऱ्यापासून काही लपवलेले नाही, आणि म्हणूनच संध्याकाळी उंबऱ्यावर, मांडीवर घेऊन, नखांनी झालेला शेवट ऐकताना लहान मूलसुद्धा 'बरोबर!' म्हणते. ब्रह्मदेवाने मधेच एखादी अट वाढवली असती तर ती कथा कोणी पुन्हा सांगितली नसती.

आम्ही मात्र तशी अट वाढवली. दुसऱ्या वर्षी आमचा राक्षस फार चांगला जमला होता. त्याच्यावर आमचा जीव जडला होता म्हणा ना! मुलांनी दुसऱ्याच संध्याकाळी त्याला नेमक्या जागी गाठले. आमची चिठ्ठी आम्ही ताटाआड उचलीत असू. आकडा निघाला तीन, आम्ही सांगितला अठरा. राक्षस निसटला. मुले गप्प झाली, आणि एक मुलगा उठून पाणी प्यायला गेला तो परत आलाच नाही. रात्री अंगणात त्याला गाठले तेव्हा तो म्हणाला, 'काका, तुम्ही हरायलाच तयार नाही, मग आम्ही कशाला खेळायचं?' चिठ्ठी त्याने पाहिली नव्हती. आमच्या चेहऱ्यावरून त्याला कळले होते. त्या दिवशी राक्षस कोण, या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्हांस जड गेले असते. दुसऱ्या सकाळी सर्वांसमोर कबुली दिली. तेव्हापासून आमची चिठ्ठी चटईच्या मधोमध, सर्वांना दिसेल अशी पडते.

आता तिसऱ्या वर्षीचा प्रसंग सांगतो. त्यासाठीच खरे पाहता हा लेख लिहावासा वाटला.

आपल्या मुलांच्या भाषेची स्थिती आपण सारे जाणतोच. अठराव्या शतकात शिंदे, होळकर, पवार यांच्याबरोबर मराठी माळव्यात आली आणि आपल्या घरांतून टिकली. परंतु शाळा हिंदी वा इंग्रजी, मित्र हिंदी. आजी मराठीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो. त्याबद्दल रागावून काही होत नाही, हे आपण सर्वांनी रागावून पाहिले आहे. त्या वर्षी आम्ही राक्षसाला एक गुण जास्त दिला. त्याला मराठीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. आपसांत कोणत्याही भाषेत बोला, पण राक्षसाशी बोलायचे तर मराठीत. मुलांनी हा नियम हसत मान्य केला.

राक्षसाचे नाव धूमकेश. त्याला वर असा, की घराच्या आत असलेल्या कोणाचाही हात त्याला लागू नये, आणि घराबाहेर तो कोणाच्या दृष्टीस पडू नये. गावातली मुले तो एकेक करून नेत असे, कारण त्याच्या महालात कोणाचाच आवाज नव्हता आणि त्याला ते सहन होत नव्हते. हाताने देऊ केलेली वस्तू त्याच्याने सोडवत नसे. हे सारे मुलांना वाटेत भेटलेल्या माणसांकडून कळले होते.

खेळणाऱ्यांत नऊ वर्षांची एक मुलगी होती. तीन संध्याकाळ ती बसली, पण बोलली ती केवळ भावाच्या कानात, आणि तेही हिंदीत. चौथ्या संध्याकाळी धूमकेश दाराशी आला. आम्ही बोटे हलवली, आवाज उतरवला, आणि म्हणालो, 'तुमच्यात एक धाकटा मुलगा आहे. तो मला द्या. गावाला पुन्हा त्रास होणार नाही. तुम्ही शहाणी माणसे आहात.' मोठी मुले तलवारी काढण्याची भाषा करू लागली. कोणी म्हणाले दार लावा, कोणी म्हणाले बाहेर जाऊन लढू. आणि मग ती मुलगी, भावाच्या कानात नव्हे, सरळ आमच्याकडे पाहून म्हणाली, 'तू आत येऊ नको. तू बाहेर पण जाऊ नको. तिथेच उंबऱ्यावर थांब. मी त्याला हात धरून आणते.'

धूमकेश तिला 'तुम्ही' म्हणत होता. ती त्याला 'तू' म्हणाली. क्षणभर कोणाला काही कळले नाही. मग एका मोठ्या मुलाच्या ध्यानात आले की उंबरा आतही नाही आणि बाहेरही नाही, आणि तो ओरडणार तोच दुसऱ्याने त्याचे तोंड दाबले. राक्षसाला सावध करण्याचा मोह आम्हांस झाला नाही असे नाही. एक संशयाचे वाक्य पुरे होते. परंतु हाताने दिलेली वस्तू त्याच्याने सोडवत नाही, हे आम्हीच सांगितले होते. धूमकेश उंबऱ्यावर थांबला. तो दिसत होता, आणि त्याला हात लागत होता. चिठ्ठी मुलांनी उचलली, आमची चटईच्या मधोमध पडली, आणि आम्ही हरलो.

स्वयंपाकघराच्या दारात त्या मुलीची आई हातात पळी घेऊन उभी होती. ती काही बोलली नाही. पण त्या रात्री जेवताना मुलीने आजीला सारी हकिकत सांगितली, ती मराठीत. कारण राक्षसाचे आणि तिचे बोलणे त्याच भाषेत झाले होते आणि ते दुसऱ्या भाषेत सांगितले तर गंमत जाते, हे तिचे तिलाच समजले. अर्धे शब्द चुकले. आजीने एकही दुरुस्त केला नाही. आम्ही पोळीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिलो.

दोन सावधगिरीच्या सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. एक, लहान मुलांना खरोखरची भीती वाटू लागली तर खेळ तत्काळ थांबला पाहिजे. आमच्याकडे मधोमध एक वाटी पालथी ठेवलेली असते. कोणीही ती उलथी केली की राक्षस गप्प, आणि कारण विचारायचे नाही. खेळ संपल्यावर सूत्रधाराने उठून तोंड धुवावे आणि आपल्या नेहमीच्या आवाजात बोलावे, म्हणजे धाकट्यांना सोंग उतरल्याचे दिसते. दुसरे, राक्षसाला कोणा शेजाऱ्याचे, नातेवाइकाचे किंवा कोणत्याही समाजाचे रूप देऊ नये. खाडिलकरांच्या 1907 सालच्या 'कीचकवध' नाटकातल्या कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला, आणि 1910 साली सरकारने ते नाटक बंद केले. तेथे सत्तेविरुद्ध बोलण्याचे धैर्य होते. चटईवरच्या खेळात एखाद्या माणसाची नक्कल केली तर मुले दुष्टपणा ओळखण्याऐवजी त्या माणसाला दुष्ट समजू लागतात. लोभ, गर्व, गोड बोलून फसवणे यांना तोंड द्यावे. कोणाचे तोंड त्यांना लावू नये.

भाद्रपदात डोल ग्यारसला आमच्या गावी नृसिंहाची पाषाणमूर्ती भमोरी नदीच्या पाण्यात सोडतात. मूर्ती साडेसात किलोंची आहे असे सांगतात. ती तीनदा तरली तर पुढले वर्ष सुखाचे, अशी श्रद्धा आहे, आणि ते पाहण्यास दूरदूरचे लोक जमतात. मूर्ती पाण्याला टेकते त्या क्षणी सारा काठ कसा निःशब्द होतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. पुढे काय होणार हे ठाऊक नसल्याखेरीज माणसे अशी श्वास रोखून उभी राहत नाहीत. मुलांच्या खेळातही सूत्रधाराने तेवढे राखावे. काय होणार हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसावे.

असो. येत्या सुट्टीत ज्या घरी मुले जमतील त्या घरच्या एखाद्या काकांनी, मावशीने, आजोबांनी एक संध्याकाळ काढावी. चटई, पेला आणि वीस चिठ्ठ्या एवढे सामान पुरते. धूमकेश आमचा असला तरी कोणासही वापरण्यास मोकळा आहे. फक्त त्याचा वर बदलून घ्यावा, कारण उंबऱ्याची युक्ती आता गावातल्या सर्व मुलांना ठाऊक झाली आहे.